हांगझोऊ : आत्याचा चातुर्मास आणि शीहूचं तळं

शांघायहून बुलेट ट्रेनने तासाभरावर हांगझोऊ आहे. चेजियांग प्रांताची राजधानी, सव्वा कोटीच्या घरातली वस्ती, अलीबाबा कंपनीचं गाव. पण चिनी माणसापुढे हांगझोऊचं नाव काढलं की तो आधी तळ्याबद्दल बोलायला लागतो. शीहू, बाहेरच्या जगासाठी वेस्ट लेक. तीन अंगांना डोंगर आणि चौथ्या अंगाला शहर. धाकटा भाऊ नोकरीसाठी शांघायला असतो. त्याच्याकडे मी आणि आत्या राहायला गेलो होतो, तेव्हा शुक्रवार ते सोमवार असा हांगझोऊचा बेत ठरला.

आत्या साताऱ्याची. सत्तरीला आलेली, पण गुडघे माझ्यापेक्षा धड. प्रश्न एकच होता, चातुर्मास. शाकाहार तर आहेच, वर कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण बंद. ‘चीनमध्ये हिला खायला काय घालायचं?’ या काळजीने भावाने मेतकूट आणि खाकऱ्यांची पाकिटं पुण्याहून माझ्याबरोबर मागवून घेतली होती. त्यातली बरीचशी न फोडता परत आली.

माझं मत आधीच सांगून टाकते: इथे यादी हातात घेऊन धावू नये. निम्मा वेळ तळ्याला द्यावा, उरलेल्या निम्म्यात एक मठ, एक चहाचं गाव आणि जमलं तर कालवा. बाकीचं खुशाल सोडावं. लेइफंग मनोऱ्यात आम्ही चढलो नाही, लियांगझूचे पाच हजार वर्षांपूर्वीचे अवशेष पाहिले नाहीत, आणि काही बिघडलं नाही.

तयारीचं थोडक्यात. १ ते ७ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा, तो टाळायचाच. आम्ही त्यानंतरच्या पंधरवड्यात गेलो. हवा स्वेटर लागेल न लागेल अशी. निघण्यापूर्वीच फोनमध्ये अलिपे हे पैसे द्यायचं ॲप घालून त्याला दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं जोडा. माझं एक चाललं, दुसऱ्याने पहिल्याच दुकानात मान टाकली. परदेशी कार्डावर २०० युआनपर्यंतच्या खरेदीला वेगळा आकार पडत नाही, त्यापुढे तीन टक्के लागतात, तेव्हा मोठं बिल जमल्यास तोडून द्या. भारतातल्या सिमवर रोमिंग घेतलं तर गुगल आणि व्हॉट्सॲप चालतात, हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत. आणि खोली ठरवताना परदेशी पाहुणे घेता का, हे आधी विचारून घ्या. आम्हाला स्वस्तात मिळालेल्या एका छोट्या लॉजने आदल्या दिवशी हात वर केले आणि मग तळ्याजवळ थोडं महाग हॉटेल घ्यावं लागलं.

शुक्रवार

गाडीत आत्याला चीन आवडायला सुरुवात झाली ती उकळत्या पाण्यामुळे. प्रत्येक डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा नळ, आणि त्याच्यापुढे थर्मास घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांची रांग. बाहेर गार पाणी पिऊ नये हे तत्त्व आत्या आयुष्यभर घरच्यांना पटवत आली आहे. तिला इथे एक अख्खा देश आपल्या बाजूने उभा दिसला.

तिकीट काढताना एक बघा. बऱ्याच गाड्या हांगझोऊ पूर्व नावाच्या अवाढव्य स्थानकावर थांबतात. काही मात्र जुन्या हांगझोऊ स्थानकावर जातात, आणि तळ्याला तेच जवळ. पूर्वेला उतरलात तरी मेट्रोची एक नंबरची लाइन थेट तळ्याकाठच्या लोंगशियांगछ्याओला सोडते. पासपोर्ट हेच तिकीट, तो दाखवायला माणूस उभा असलेल्या दारातून जायचं.

सामान टाकून तळ्याकडे निघालो आणि पहिल्याच झेब्रा क्रॉसिंगला आम्ही तिघं थबकलो. समोरून बस येत होती. बस आमच्यासाठी थांबली. आम्ही बससाठी थांबलो होतो. ड्रायव्हरने हाताने ‘जा, जा’ केलं तरी आत्या हलेना, तिला वाटलं तो तिच्यावर चिडलाय. पादचाऱ्याला आधी वाट देण्यासाठी हे शहर चीनभर ओळखलं जातं, असं भावाने मग सांगितलं. टिळक रोड ओलांडून मोठी झालेली मी. मला ते सोमवारपर्यंत खरं वाटत नव्हतं.

तळ्याला कुंपण नाही, तिकीट नाही. २०११ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तरी काठावर कुणीही येऊन बसावं. दुपारी ऊन धुरकट होतं. पलीकडचे डोंगर एकामागे एक, प्रत्येक मागचा पुढच्यापेक्षा फिका. फोटोत ते निव्वळ राखाडी येतं, तेव्हा फार काढू नका.

उत्तरेकडून दुआनछ्याओवर गेलो, तुटका पूल. तुटलेला वगैरे अजिबात नाही, चांगला दगडी कमानीचा आहे. याच पुलावर पांढऱ्या नागिणीची गोष्ट सुरू होते: हजार वर्षं तप करून बाई झालेली नागीण, पावसात तिला छत्री देणारा साधा माणूस, त्यांचं लग्न, आणि त्यात पडलेला फाहाय नावाचा भिक्षू, जो शेवटी तिला लेइफंग मनोऱ्याखाली कोंडतो. भावाने गोष्ट सांगितली तेव्हा आत्या म्हणाली, “त्या बुवाला काय पडलं होतं? नवराबायकोचं बरं चाललं होतं ना?” चिनी लोकांचंही मत पिढ्यान्‌पिढ्या हेच आहे. मनोरा खरोखरचा, दहाव्या शतकातला. त्याच्या विटेत औषधी गुण आहे, ती घरात असली की बरकत येते, अशा समजुतीने लोक विटा काढून नेत राहिले, आणि १९२४ च्या सप्टेंबरात तो कोसळला. आताचा २००२ मध्ये बांधलेला आहे, वर जायला सरकते जिने आहेत. लांबूनच छान दिसतो.

पुलापासून बायदी नावाचा बांध तळ्यातून कुशान बेटाकडे जातो. दोन्हीकडे पाणी, काठाला विलो. वाटेतल्या एका चौथऱ्यावर दहा-बारा माणसं जमली होती. एकजण अरहू वाजवत होता, म्हणजे दोन तारांचं उभं सारंगीसारखं वाद्य, आणि पांढरे स्नीकर घातलेल्या साठीच्या एक बाई हातात माइक धरून गात होत्या. हे युएजू, चेजियांगचं संगीत नाटक. भावाच्या फोनवरून विचारलं तर कळलं, बाई पुरुषाची भूमिका गात होत्या. युएजूमध्ये नायकसुद्धा बाईच असते, परंपराच तशी. आत्याचे वडील बालगंधर्वांच्या पदांचे वेडे. तिने मनगटावरचं घड्याळ पर्समध्ये टाकलं आणि खाली बसली. अर्धा तास हललो नाही. शेवटी बाईंनी आत्यापुढे माइक धरला, तेव्हा मात्र तिने हात जोडले.

रात्रीचं जेवण. भावाने तुंगपो मांस मागवलं, मातीच्या छोट्या भांड्यात डुकराच्या मांसाचा चौकोनी तुकडा, सोया आणि दारूत तासन्‌तास मंद आचेवर शिजून काड्यांनी तुटेल असा झालेला. आम्हा दोघींसाठी बांबूचे कोंब, मशरूम आणि नुओमीओऊ. या शेवटच्या पदार्थासाठी मी पुन्हा हांगझोऊला जाईन. कमळकाकडीच्या भोकांत चिकट तांदूळ दाबून भरतात, अख्खी शिजवून जाड चकत्या करतात आणि वरून साखरेचा दाट पाक, त्यात क्वेहवाची पिवळी बारीक फुलं. कांदा नाही, लसूण नाही. आत्याने दुसरी बशी मागवली.

शाकाहाऱ्यांसाठी खाण्याचं एक. ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्यावर भागत नाही. भाजीवर चमचाभर खिमा किंवा मांसाच्या हाडांचं सूप यांना मांसाहार समजत नाहीत असे स्वयंपाकी पुष्कळ. ‘खिमा नको, मांसाचं पाणी नको, डुकराची चरबी नको, शिंपल्यांचा सॉस नको’ असं सुटं सुटं चिनीत लिहून तो फोटो फोनमध्ये ठेवा. आणि कांदा-लसूण नको असेल तर ‘बौद्ध मठातलं जेवतो’ असं लिहा. महायान भिक्षूंना कांदा, लसूण आणि त्या जातीच्या सगळ्या भाज्या वर्ज्य. ते एक वाक्य दाखवलं की समोरचा लगेच मान डोलावतो.

शनिवार

पाऊस. मोठा नाही, पण सुटणाराही नाही. लिंगयिन मठात सकाळी आठच्या आत पोहोचायचं ठरवलं होतं, तसे पोहोचलो, आणि पुढच्या तासाभरात छत्र्यांचा जो पूर आला तो पाहून स्वतःचीच पाठ थोपटली. प्रवेश आधी ऑनलाइन नोंदवावा लागतो, पासपोर्टचा नंबर लागतो.

मठ चौथ्या शतकातला. परंपरा ३२८ सालाच्या आसपासचा काळ सांगते आणि स्थापना करणाऱ्या भिक्षूचं नाव देते हुइली. हा हुइली भारतातून आला होता. नुसता भारतातून नव्हे, चिनी परंपरा त्याला पश्चिम भारताचा म्हणते. हे ऐकल्यावर आत्याने त्याला परस्पर कार्ल्याच्या लेण्यांत नेऊन बसवला. पुरावा शून्य. पण तिचं म्हणणं असं की चौथ्या शतकात पश्चिम भारतात भिक्षू आणखी कुठे असणार, आणि यावर माझ्याकडेही चटकन उत्तर नव्हतं.

मठासमोर फेइलाय फंग नावाची टेकडी आहे, उडून आलेली टेकडी. हुइलीने ती पाहिली आणि म्हणाला, हा तर आमच्याकडच्या गृध्रकूटाचा तुकडा, इथे कसा उडून आला? गृध्रकूट म्हणजे राजगीरची ती टेकडी, जिथे बुद्धाने प्रवचनं दिली. लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा त्याने सांगितलं, त्या टेकडीत एक काळं आणि एक पांढरं वानर असायचं, तीही आली असतील. त्याने गुहेच्या तोंडाशी हाका मारल्या आणि दोन वानरं बाहेर आली. गंमत म्हणजे आजूबाजूचे डोंगर वालुकाश्माचे आणि ही एवढी टेकडी चुनखडीची आहे. तिच्यात पोकळ्या, भेगा, वरून झिरपणारं पाणी. दगड वेगळा आहे हे कुणाच्या तरी डोळ्यांना हजार-दीड हजार वर्षांपूर्वीही दिसलं असणार.

त्या चुनखडीत दहाव्या शतकापासून चौदाव्यापर्यंत तीनशेच्या वर मूर्ती कोरल्या आहेत. ओढ्याच्या काठाने चालत गेलं की त्या डोक्यावर, बाजूला, भेगांच्या आत दिसत राहतात. मंगोल काळातल्या काही तिबेटी वळणाच्या आहेत. सगळ्यांत जास्त गर्दी पोट सुटलेल्या, हातात माळ घेतलेल्या हसऱ्या मैत्रेयापुढे. पावसाने त्याचं पोट काळं चकचकीत झालं होतं. हुइलीच्या नावाचा एक छोटा दगडी स्तूप टेकडीच्या पायथ्याशी आहे. बहुतेक जण त्याच्या बाजूने सरळ पुढे जातात. आत्याने तिथे छत्री मिटून नमस्कार केला, गाववाल्याला करावा तसा.

मठात शिरताना प्रत्येकाला तीन उदबत्त्या फुकट मिळतात, बाहेरून विकत घ्यायची गरज नाही. मुख्य दालनातला शाक्यमुनी कापराच्या लाकडाचा, १९५० च्या दशकात घडवलेला आणि मान मोडेपर्यंत वर बघावा लागेल एवढा उंच. पण सर्वांत लांब रांग देवापुढे नव्हतीच. ती होती मण्यांच्या ब्रेसलेटसाठी. विशी-पंचविशीतली पोरं-पोरी पावसात उभी. परीक्षा, नोकरी, लग्न, जे हवं त्याची माळ. शेजारच्या योंगफू मठात तर भिक्षूंच्या आवारात कॉफी मिळते. आम्ही घेतली नाही, कारण नाकात नूडल्सचा वास शिरला होता. मठाच्या खानावळीतल्या त्या नूडल्स: मशरूम, बांबूचे कोंब, तळलेली सोयाबीनची साय, कढत रस्सा. परदेशात एकही प्रश्न न विचारता आत्याने जेवलेलं हे पहिलं जेवण. मेतकूट त्यानंतर कुणी काढलंच नाही.

दुपारी टॅक्सीने मानज्युएलोंगला गेलो. चहासाठी लोक लोंगजिंग गावात जातात, तेही सुंदरच असेल, पण ऑक्टोबरात माझं मत मानज्युएलोंगला. इथे डोंगरावर लोंगजिंग चहाचे मळे आहेतच, शिवाय दरीभर क्वेहवाची झाडं. फूल तांदळाच्या दाण्याएवढं, केशरी-पिवळं, आणि वास मात्र बस थांबते तिथपासून यायला लागतो. यंदा बहर उशिरा आला होता, हे आमचं नशीब. पाऊस पडून गेल्यावर टेबलं, खुर्च्या, मोटारींचे टप, सगळ्यांवर पिवळा थर बसला होता. झाडाखाली चादर धरून फांदी हलवायची आणि फुलं गोळा करायची ही इथली जुनी रीत, आणि आमच्या साताऱ्याच्या अंगणात पारिजातकाखाली आत्या वर्षानुवर्षं हेच करते. तिने कुणाला न विचारता चादरीचं एक टोक धरलं.

ज्यांची चादर होती त्या बाईंच्या अंगणात मग चहा झाला. काचेच्या उंच पेल्यात चिमूटभर पानं, त्यावर पाणी. उकळतं नाही, थोडं निवलेलं. कढत पाण्याने कोवळं पान भाजतं म्हणाल्या. पानं आधी तरंगतात, मग एकेक करून उभी खाली उतरतात. पेला तिसरा हिस्सा उरला की थर्मासमधून पुन्हा पाणी, असं तीनदा. सोबत सूर्यफुलाच्या बिया. आत्याने दूध मागितलं नाही, पण “साखर विसरल्या का या?” असं मला दोनदा विचारलं.

बाईंच्या पडवीत चहा भाजायची लोखंडी कढई होती, विजेवर तापणारी. भाजणं चालतं वसंतात. छिंगमिंग सणाच्या आधी, म्हणजे ४-५ एप्रिलपूर्वी खुडलेली पानं सर्वांत महाग. तापल्या कढईत हात घालून, पानं कढईच्या अंगाला दाबत दाबत चपटी करायची. हातमोजा नाही. त्यांनी थंड कढईत ती क्रिया करून दाखवली: उचलणं, झटकणं, दाबणं, ओढणं. तळहाताची कड पिवळट, गुळगुळीत झालेली. आत्याने आपला तळहात शेजारी धरला. हळद शिजवून, वाळवून तिचाही एकेकाळी असाच झाला होता. तेवढ्यावर दोघींनी एकमेकींचा एकरी हिशोब विचारला, भाषांतर करता करता भाऊ घामाघूम.

चहा घेणार असाल तर: शीहू लोंगजिंग या नावाने बाजारात भलतंच काहीही विकलं जातं. खऱ्या पाकिटावर सरकारी क्यूआर स्टिकर असतं, ते स्कॅन करून बघा. ऑक्टोबरात मिळतो तो वसंतातलाच, चुन्याच्या पुड्यांबरोबर डब्यात कोरडा ठेवलेला. आम्ही छिंगमिंगनंतरचा स्वस्तातला घेतला, शंभर ग्रॅम. उत्तम लागला.

संध्याकाळी हफांग रस्ता. पर्यटकांसाठी जुना केलेला जुना बाजार, फार काही नाही. मात्र हू छिंग यू तांग हे १८७४ पासूनचं औषधांचं दुकान आत जाऊन बघावं. काळं लाकूड, खणाखणांची भिंत आणि काढ्यांचा वास. आत्याने जवळच्या गल्लीत झांग श्याओछ्वेन नावाची प्रसिद्ध कात्री घेतली, छोटी, दोरा कापायची. मोठी घेणार होती. चिनी रेल्वेत सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याची कात्री किंवा सुरी नेता येत नाही हे दुकानदारानेच सांगितलं, हे लक्षात ठेवा.

रविवार

हा दिवस तळ्याचा. सकाळी सातला सूदी बांधाच्या दक्षिण टोकाला होतो. जवळजवळ तीन किलोमीटर लांब, सहा दगडी पूल, एक विलो एक पीच अशी झाडं. कालच्या पावसाने हवा धुतली होती.

हे तळं निसर्गाने एकदा दिलं आणि राहिलं, असं नाही. सोडून दिलं तर ते गाळाने भरून शेत होईल. सरासरी खोली दोन मीटरच्या थोडीच वर. १०८९ मध्ये सू शी हा कवी इथे अधिकारी म्हणून आला, तेव्हा निम्मं तळं पाणवनस्पतींनी खाल्लं होतं. त्याने सम्राटाला अर्ज लिहिला की असंच चाललं तर वीस वर्षांत शीहू उरणार नाही, आणि हांगझोऊला शीहू म्हणजे माणसाला डोळे-भुवया. पैसा उभा केला तो भिक्षूंच्या दीक्षेचे सरकारी परवाने विकून. उपसलेल्या गाळाचं काय करायचं? तळ्यातच दक्षिणोत्तर टाकला, तोच हा बांध. आणि पुन्हा वनस्पती माजू नयेत म्हणून कडेची पट्टी शिंगाड्याच्या लागवडीला दिली, कारण शिंगाडे लावणारा दरवर्षी तण काढतोच. लागवड आत सरकू नये म्हणून तळ्यात खुणेचे दगडी मनोरे उभारले. उपवासाचे शिंगाडे तळं वाचवतात हे आत्याला इतकं पटलं की ती पुढच्या दोन पुलांपर्यंत त्यावरच बोलत होती. तळं राखणाऱ्याने इथे पाणी नाही, डुकराचं मांस चाखलं: लोकांनी कृतज्ञतेने आणून दिलेलं मांस सू शीने शिजवून मजुरांत वाटलं अशी आख्यायिका आहे, आणि भावाने शुक्रवारी चापलं ते त्याच्याच, तुंगपो या त्याच्या टोपणनावाचं.

ते खुणेचे मनोरे, अर्थात नंतर पुन्हा बांधलेले, आज एक युआनच्या नोटेवर आहेत. बोटीने त्यांच्याजवळच्या बेटावर जायचं, तिकीट ५५ युआन. बेटाच्या पोटात पुन्हा तळं. दक्षिण काठावरून पाण्यातले तीन बुटके दगडी दिवे दिसतात, आणि तिथे नोट समोर धरून फोटो काढायची प्रथा आहे. पण आता रोख पैसे बाळगतो कोण? पन्नासभर माणसांत एका कॉलेजातल्या मुलीकडे चुरगळलेली एक नोट निघाली. ती सगळ्यांच्या हातांतून फिरली, आमच्यापर्यंत आली, आणि तिच्याकडे परतही गेली. मध्य-शरद पौर्णिमेला त्या दिव्यांच्या भोकांवर पातळ कागद लावून आत मेणबत्ती पेटवतात. ते बघायला मिळालं नाही.

परत काठावर आलो तर एक आजोबा फरशीवर पाण्याने अक्षरं लिहीत होते. काठीला स्पंजाचा भला मोठा कुंचला, बाजूला छोटी बादली. वरून खाली एक ओळ, मग डावीकडे दुसरी. चौथ्या ओळीला येईपर्यंत पहिली वाळत आलेली. आत्या बराच वेळ बघत होती, म्हणून त्यांनी काठी तिच्या हातात दिली. तिने फरशीवर ‘श्री गणेशाय नमः’ लिहिलं, दुसरं काय लिहिणार. शिरोरेघ ओढायला ती डावीकडून उजवीकडे पावलं टाकत चालत गेली, तेव्हा आजोबा जोरात “हाव!” म्हणाले, आणि खाली वाकून ती रेघ कुठे जाड, कुठे बारीक झालीय हे बोटाने दाखवायला लागले. मग स्वतः ‘श्री’ काढून बघितला. वेलांटी उलटी गेली. दोघांनी पुन्हा काढला.

बांधाच्या उत्तर टोकाजवळ युए फेइचं स्मारक आहे. बाराव्या शतकातला सेनापती, उत्तरेच्या आक्रमकांशी जिंकत आलेला, आणि दरबारातल्या छिन हुइने कट करून ११४२ मध्ये मारवलेला. थडग्यासमोर छिन हुइ, त्याची बायको आणि दोन साथीदार लोखंडात ओतून गुडघ्यांवर बसवलेत, हात मागे बांधलेले. लोक शतकानुशतकं त्यांच्यावर थुंकत आले, आता थुंकू नका अशी पाटी आहे. “म्हणजे यांचा सूर्याजी पिसाळ,” आत्या म्हणाली. बाहेर त्सुंगबाओहुइ मिळतं: तळलेली लांब पिठाची काडी आणि कांद्याची पात पातळ पोळीत गुंडाळून तव्यावर दाबून भाजतात, वर गोड-तिखट सॉस. त्या जोड काड्या म्हणजे छिन हुइ आणि त्याची बायको, लोकांनी संतापून तेलात सोडलेली, असं सांगतात. कांद्यामुळे आत्याला गद्दार खाता आला नाही. मी दोन खाल्ले.

संध्याकाळची जागा कुठल्याच गाइडबुकात नसेल, पण आत्याची अटच होती. मेट्रोने ऑलिंपिक सेंटर, ते कमळाच्या पाकळ्यांचं ऐंशी हजारांचं स्टेडियम. २०२३ ची एशियाड इथे झाली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने तीन हजार मीटर स्टीपलचेसचं सोनं याच मैदानात घेतलं, आणि आमच्या साताऱ्याच्या अदिती स्वामीने तिरंदाजीत सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य. तिरंदाजी खरं तर फूयांगला झाली, इथून बरीच लांब, पण ते आत्याला सांगण्याची हिंमत कुणी केली नाही. ऋतुराज गायकवाडच्या संघाचं सोनंही याच शहरातलं, अंतिम सामना पावसात वाहून गेल्यावर वरच्या मानांकनामुळे मिळालेलं. शनिवारचा पाऊस पाहिल्यावर ते समजलं. स्टेडियम बंद होतं. बाहेर पोरं स्केटिंग करत होती, नदीवरून वारा येत होता. अर्धा तास फोटो काढून परतलो.

सोमवार

सोमवारी संग्रहालयं बंद असतात. कुंगचन पुलाजवळच्या जुन्या गिरण्यांत कात्र्यांचं, छत्र्यांचं आणि पंख्यांचं अशी तीन संग्रहालयं आहेत. ती हुकली, तेव्हा तुम्ही हा भाग दुसऱ्या दिवशी ठेवा.

पुलापर्यंतची वाट मात्र चुकवू नका. वूलिनमनहून महाकालव्यातून पाणबस जाते, भाडं फक्त तीन युआन. बेजिंगपासून सतराशे-अठराशे किलोमीटर आलेला हा कालवा, आणि त्यातून भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, एक डुलक्या घेणारे गृहस्थ आणि आम्ही. शेवटी कुंगचनचा तीन कमानींचा दगडी पूल, मूळचा १६३१ चा. पायऱ्यांच्या कडा गुळगुळीत झाल्यात, पावसात सांभाळून. पलीकडच्या गल्लीत ओऊफन खाल्लं. कमळकाकडीचं पीठ थंड पाण्यात कालवून वर उकळतं पाणी ओतत ढवळतात, आणि बघता बघता पांढरं पाणी पारदर्शक, चिकट खळ होतं. वर क्वेहवा आणि सुका मेवा. आत्याने दुकानदाराकडून पिठाचे चार डबे घेतले, एकादशीला चालेल म्हणून.

परतीच्या गाडीआधी स्थानकावर सामान तपासणीत आत्याची पिशवी अडली. कात्री. तपासणाऱ्या तरुणाने ती बाहेर काढली, कागद सोडला, खिशातून पट्टी काढून पातं मोजलं, शंका आली म्हणून उलट बाजूने पुन्हा मोजलं. पाच सेंटिमीटरला थोडी कमी भरली. मग कागदात नीट गुंडाळून त्याने ती दोन्ही हातांनी परत दिली.

“मोज बाबा, नीट मोज,” आत्या त्याला मराठीत म्हणाली. “आमच्याकडे लोक उसाचे कोयते घेऊन पॅसेंजरमध्ये चढतात.”

भावाने तेवढं भाषांतर केलं नाही.